न्हाणीच्या पाण्यावरचं माळवं : मराठवाड्यातल्या परसबागेची वर्षभराची रीत

लातूर-धाराशिवकडं भाजीपाल्याला माळवं म्हणतात. आठवडी बाजाराच्या संध्याकाळी आमच्या फाट्यावर उभं राहिलं की पाच-सात एकर सोयाबीन असलेली माणसं जीपमधून उतरताना दिसतात. त्यांच्या पिशव्यांतून मेथीच्या जुड्या, दोडके, शेवग्याच्या शेंगा डोकावत असतात. ज्याच्या बांधावर शेवगा आपसूक वाढेल, तोच शेवगा विकत आणतो. हे बघून मला दरवेळी वाईट वाटतं.

माझ्या सासूबाईंच्या, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, उमेदीच्या काळात माळवं शेतातच असायचं. खरिपाच्या पेरणीला तिफणीमागं बाई वेगळा मोघा, म्हणजे बी सोडायची पोकळ नळी, धरून चालायची आणि ओटीतलं मिसळलेलं बी सोडायची : अंबाडी, भेंडी, चवळी, तीळ, वाळूक. विहिरीच्या दंडाकडेला, म्हणजे पाण्याच्या पाटाकडेला, मेथी, कोथमीर, मुळा असायचा. खुरपायला गेलेली बाई येताना ओच्यात पाथरी नाहीतर तांदुळजा घेऊन यायची. शेतातलं तण हीच रात्रीची भाजी. पुढं सोयाबीनचा सलग पेरा आला, मागोमाग तणनाशक आलं. ते सोयाबीन तेवढं सोडतं. तांदुळजा, घोळ, कुरडू, अंबाडी काही सोडत नाही. खुरपायला मजूर मिळत नाही ही अडचण खरी आहे, म्हणून फवारणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण त्याबरोबर घरची भाजी गेली. ती परत आणायची तर घरामागचा परस हीच जागा उरते.

पुढं जे लिहिलंय ते औसा तालुक्यातल्या आमच्या घरामागच्या तीनेकशे चौरस फुटांवर करून पाहिलेलं आहे. पाच माणसांचं घर, एक न्हाणी, एक दिवसाआड येणारा नळ. तुमचं घर छोटं असेल तर आकडे त्या प्रमाणात कमी करा.

बियाण्याच्या आधी बादल्या मोजा

आपल्याकडं बहुतेक परसबागा मोडतात त्या फेब्रुवारीनंतर, पाण्यावाचून. जूनमध्ये हौसेनं वीस प्रकार लावायचे आणि मार्चमध्ये एकेक वाळताना बघायचा. म्हणून पहिलं काम बी आणणं नाही, पाणी मोजणं.

जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा आहे, म्हणजे पाच माणसांना २७५ लिटर. त्यातलं बागेला किती येईल हे मात्र घरोघरी वेगळं. मी आठ दिवस मोरीच्या नळीखाली बादली ठेवून मोजलं. अंघोळीचं ८० ते ९० लिटर निघालं, भांडी आणि धान्य-भाजी धुण्याचं ३५ ते ४०. कपड्यांचं बाजूला ठेवलं. म्हणजे रोज सव्वाशे लिटर पाणी आमच्या घरातून गटारात जात होतं.

आता ते वाटून बघा. हिवाळ्यात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागं रोज साधारण ४ लिटर पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये तेच ७ ते ८ लिटरवर जातं. सव्वाशेला चारानं भागलं की ३० चौरस मीटर येतात, म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट. आठानं भागलं की जेमतेम १५-१६ चौरस मीटर. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे पाच माणसांच्या सांडपाण्यावर हिवाळ्यात गुंठ्याचा तिसरा हिस्सासुद्धा पुरता भिजत नाही, आणि उन्हाळ्यात त्याच्या निम्मीच बाग जगते. हा हिशोब आधी केला की मार्चमध्ये निम्मे वाफे मोकळे ठेवायचे हे जूनमध्येच ठरतं. मग ते वाफे वाळले असं वाटत नाही, ते विश्रांतीला सोडलेले असतात.

मोरीपासून वाफ्यापर्यंत

बाग न्हाणीच्या उताराला हवी. उंचावर बाग केली की रोज बादल्या वाहाव्या लागतात, आणि बादल्या वाहायचं काम घरात कुणाच्या वाट्याला येतं ते सांगायला नको. तेव्हा उतार बघूनच जागा धरा.

मोरीच्या नळीखाली अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या. तळाला हाताएवढे दगड, त्यावर विटांचे तुकडे, मग खडी, सगळ्यात वर जाड वाळू. नळीच्या तोंडाशी नारळाच्या शेंड्या भरलेली जुनी दुरडी ठेवा. केस, शितं, साबणाचा चोथा तिच्यात अडकतो. दर आठवड्याला ती धुवायची, नाहीतर खड्डा दोन महिन्यांत तुंबतो. खड्ड्याच्या काठाला कर्दळ आणि अळू लावा. दोघांनाही ओल आवडते, पाणी बरंचसं निवळतं, आणि अळूचं फदफदं किंवा वड्या घरात होतात. खड्ड्याच्या दुसऱ्या टोकाकडून एक छोटा दंड काढून वाफ्यांकडं न्या. हे पाणी टाकीत साठवू नका. एका दिवसात वास सुटतो आणि डास होतात. रोजचं रोज मातीत जिरलं पाहिजे.

कपड्यांचं पाणी मी पहिल्या वर्षी बागेत सोडलं होतं. पाणी वाया जातंय याचं वाईट वाटायचं म्हणून. दोन महिन्यांत वांग्याच्या पानांच्या कडा करपल्या, वाफ्यावर पांढुरकी पापडी धरली आणि वरून टाकलेलं पाणी आत मुरेना. धुण्याच्या पावडरीतलं सोडियम आपल्या काळ्या चिकणमातीला बाधतं. मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात. चोपण जमीन अशीच तयार होते. ते दोन वाफे ताळ्यावर यायला एक अख्खा पावसाळा आणि भरपूर शेणखत लागलं. तेव्हापासून पावडरीचं पाणी अंगण शिंपडायला जातं. शेवटच्या खळबळलेल्या पाण्याची एखादी बादली तेवढी शेवग्याच्या आळ्यात.

न्हाणीचं पाणी दुधी, दोडका, कारलं, वांगी, भेंडी, शेवगा, पपई यांच्या बुडाशी द्या, पानांवर शिंपडू नका. कोथमीर, मुळा, गाजर, कांद्याची पात असं जे आपण कच्चं खातो, त्याला नळाचं किंवा आडाचं स्वच्छ पाणी. पालेभाजीचे दोन वाफे म्हणूनच नळाजवळ असावेत.

काळी, पांढरी आणि गाळ

शिवार म्हणजे काळी आणि गावठाण म्हणजे पांढरी. परसबाग पांढरीत असते, हे नीट समजून घेतलं की मातीची निम्मी अडचण सुटते. पांढरीत किती पिढ्यांची राख, पडलेल्या भिंतींची माती, चुना आणि मुरूम मिसळलेला असतो. जुनी माणसं पडक्या गढीची पांढरी माती गाड्या भरून शेतात नेऊन टाकायची, खत म्हणून. पण नुसत्या पांढरीत भाजी धड येत नाही. पाणी थांबत नाही आणि चुनखडी जास्त असते.

म्हणून लोक शेतातली काळी आणून भरतात, आणि तीही एकटी चालत नाही. काळी ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. कुंडीत किंवा वाफ्यात भेगा पडतात, मुळं तुटतात आणि पाणी भेगांतून थेट खाली जातं. मी ओल्या मातीची वळकटी करून बघते. करंगळीएवढी वळकटी न तुटता अंगठीसारखी वाकली तर माती फार चिकण. वळायच्या आधीच भुगा झाला तर फार हलकी. वळते पण वाकवताना तडकते, ती भाजीची माती.

आमच्याकडं जमलेलं मिश्रण असं : दोन घमेली काळी किंवा तलावातला गाळ, एक घमेलं पांढरी नाहीतर बारीक मुरूम, एक घमेलं कुजलेलं शेणखत. गाळ मिळाला तर सोनं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे. तुमच्या गावच्या तलावातून गाळाचे ट्रॅक्टर निघत असतील तर एक खेप परसात टाकून घ्या. तीनशे चौरस फुटांवर नऊ इंच थर द्यायला दोन खेपा लागतील, पण दरवर्षी एकेक वाफा भरत गेलात तरी चालतं.

शेणखत हीच आता अडचणीची गोष्ट झाली आहे. दावणीला जनावर राहिलं नाही. शेजारी म्हैस असेल तर ताक-भाजीच्या देवाणघेवाणीत पाटीभर शेण मिळतं. पण ताजं शेण मातीत घालू नका. त्यातून मुळं खाणारी हुमणी येते आणि उन्हाळ्यात उधळी, म्हणजे वाळवी, लागते. उकिरड्याच्या तळाचं, काळं, भुसभुशीत, वास नसलेलं खत घ्या आणि चाळून घ्या. चाळताना पांढऱ्या, वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या जाड अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांना घाला. शेण कमी असेल तर जीवामृत करा : १० लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधाची माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीनं ढवळायचं, तीन-चार दिवसांनी वाफ्यांना द्यायचं.

राखेबद्दल एक सांगते, कारण चुलीची राख झाडांना टाकायची सवय सगळीकडं आहे. राख क्षारधर्मी असते आणि आपली माती मुळातच तशी. मावा झटकायला पानावर चिमूटभर राख ठीक, पण घमेली भरून वाफ्यात टाकू नका.

चुनखडीच्या मातीत कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते लोह कमी पडण्याचं लक्षण. पाणी कमी करा, कुजलेलं खत वाढवा, आणि तरीही हिरवेपणा आला नाही तर लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) घालून संध्याकाळी फवारा. भेंडीच्या पानात याच्या उलट, शिराच पिवळ्या धमक दिसल्या तर तो विषाणूचा केवडा. त्याला औषध नाही. पांढरी माशी तो पसरवते, म्हणून तसं झाड दिसताक्षणी उपटायचं. या दोन पिवळेपणांत गल्लत करून लोक युरिया टाकत राहतात.

वाफा तोच, उंची वेगळी

वाफ्याची रुंदी साडेतीन फुटांच्या वर नको. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडला की काळी माती दगड होते. लांबी आठ-दहा फूट पुरे. आमच्याकडं असे सहा वाफे आहेत, आणि कडेनं वेलांची आळी.

पावसाळ्यात वाफा वीतभर उंच, गादीवाफा. मघा-पूर्वाची झड लागली की सपाट वाफ्यात पाणी साचून मिरची उभी मरते. हिवाळ्यात तोच वाफा सपाट करा. उन्हाळ्यात माती कडेला ओढून बांध घाला आणि मधला भाग खोलगट करा, म्हणजे टाकलेलं पाणी तिथंच राहतं. वर्षातून तीनदा कुदळ-फावडं फिरवायचं एवढंच काम, पण पाणी बरंच वाचतं.

उंच वाढणारं सगळं पश्चिमेला लावा : शेवगा, हादगा, पपई, तुरीचे चार ताटे. दुपारनंतरचं ऊन आणि मार्च-एप्रिलचा झळा मारणारा वारा तिकडून येतो. शेवगा तीन-चार फुटांवर छाटत राहा, नाहीतर शेंगा वानरांनाच. कढीलिंब आणि लिंबू कोपऱ्यात. कुंपणाला पऱ्हाट्या आणि बोराटीची कुपाटी सगळ्यात स्वस्त. शेळ्या आणि कोंबड्या दोघींना अडवते. तिच्यावरच वालाचा वेल सोडा.

वेलासाठी दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात अर्धी माती, दोन घमेली शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड. दोन आळ्यांत पाच-सहा फुटांचं अंतर. मांडव तुराट्यांचा किंवा जुन्या तारेचा. दोडका आणि कारलं जमिनीवर पसरू दिलं की फळं वाकडी होतात, सडतात.

नक्षत्रं आणि वाफे

परसाला पाणी हाताशी असतं, तरी मी पेरणी नक्षत्रानंच करते. हवेतली ओल आणि जमिनीची उष्णता त्याच क्रमानं बदलते, आणि आत्याबाईंशी बोलताना तारखांपेक्षा नक्षत्रं सोपी जातात.

रोहिणी, २५ मेच्या सुमारास. आळी भरून ठेवायची. वांगी, मिरची, टोमॅटोचं रोप एका पाटीत टाकायचं. तीस-पस्तीस दिवसांनी, वीतभर उंच झालं की लावायचं. हळदीचे दोन-चार कंद अळूजवळच्या सावलीत. वसमतच्या बाजूला पाहुणे असतील तर बेणं मागून आणा.

मृग, ७ जूनपासून. पहिला दमदार पाऊस झाला की भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, काकडी आणि सगळे वेल. कारलं आणि दोडक्याचं बी रात्रभर भिजवा, कवच टणक असतं. एका आळ्यात तीन बिया बोटाच्या एका पेराएवढ्या खोल, उगवल्यावर दोन ठेवा. भेंडी दीड फुटावर ओळ आणि फुटावर झाड. भेंडीत ‘परभणी क्रांती’ हे सरळ, म्हणजे संकरित नसलेलं, वाण मिळालं तर घ्या. परभणीचं आपलं कृषी विद्यापीठ १९७२ साली झालं, आणि केवड्याला दाद न देणारी म्हणून ही भेंडी त्यांनी १९८५ मध्ये आणली. आता केवडा तिच्यावरही येतो, पण बी घरी धरता येतं. भेंडीला ४५-५० दिवसांत तोडा सुरू होतो. एक दिवसाआड तोडलीच पाहिजे. एक भेंडी जून झाली की झाड पुढची फुलं कमी करतं.

आर्द्रा ते आश्लेषा या काळात नवीन पेरणी फार नको. खुरपणी करताना तांदुळजा, घोळ, कुरडू, पाथरी ही झाडं ओळखून ठेवा. मी वाफ्यांच्या मधल्या वाटेत ती मुद्दाम राखते. बी न पेरता, पाणी न देता येणारी ही भाजी आहे, आणि शेतातून हाकललेली ती एवढ्या जागेत तरी राहावी असं मला वाटतं.

हस्त आणि चित्रा, २७ सप्टेंबर ते २४ ऑक्टोबर. वर्षातली सगळ्यात महत्त्वाची पेरणी ही. इथं उशीर झाला तर हिवाळा हातचा जातो. गादीवाफे सपाट करा. मेथी, पालक, शेपू, चुका, चाकवत, कोथमीर, मुळा, गाजर, लसूण, वाटाणा. एका वाफ्यात करडई दाट फेका, कोवळी असतानाच उपटून भाजी करा. ज्वारीच्या भाकरीबरोबर करडईच्या भाजीला तोड नाही. कोथमिरीचे धणे हातानं चोळून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवा. लातूर जिल्ह्यातल्या कास्तीच्या कोथमिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते बी ओळखीनं मिळालं तर जरूर लावा.

पालेभाजीचा वाफा एकदम पेरू नका. तीन भाग करा आणि दहा-बारा दिवसांच्या अंतरानं पेरा. मेथी २५-३० दिवसांत येते, पालक ३५, कोथमीर ४०-४५. एकदम पेरलं की एक आठवडा मेथीच मेथी, आणि पुढचा महिनाभर बाजार.

या पेरणीचं नियोजन मी येळवशीपासून मागं मोजून करते. येळवशी म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षाची, डिसेंबर-जानेवारीत येते. त्या दिवशी शेतात कडब्याची कोप करून पूजा होते, बाजरीचे उंडे, आंबील आणि भज्जी. भज्जीत काय नसतं? हिरवा हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, गाजर, मेथी, चुका, पालक, कांद्याची पात, सगळं बेसनात शिजलेलं. सकाळी आत्याबाई सूप घेऊन परसात फिरतात आणि एकेक तोडत जातात. चुक्याचं पान हाताला लागलं की मोडून आधी जिभेवर ठेवतात, आंबटपणा बघायला, आणि मगच ठरवतात किती घ्यायचा. सूप परसातल्या परसात भरावं म्हणून गाजर अमावस्येच्या तीन महिने आधी, वाटाणा अडीच महिने, कांदा पातीसाठी पन्नास दिवस, पालक पाच आठवडे आणि मेथी एक महिना आधी पडली पाहिजे. हरभरा आणि तूर शेतातून येते. बाकी सगळं आता परसातलं.

फवारा आणि पंप

शेतातला फवारणीचा पंप परसात कधीही आणू नका. कितीही धुतला तरी नळीत, नोझलमध्ये तणनाशक राहतं. टू-फोर-डी हे तणनाशक तर थेंबभरानंही टोमॅटो, भेंडी आणि वेलांची पानं पिळवटून टाकतं. औषधाचे रिकामे डबेही पाणी घालायला वापरू नका, मुलं तिथंच हात घालतात. बागेला वेगळा लिटरभराचा हातपंप घ्या, त्याच्यावर रंगानं खूण करा.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांना निंबोळीचा अर्क पुरतो. निंबोळ्या जून-जुलैत पडतात तेव्हाच वेचा, गर काढून सावलीत वाळवा. ५० ग्रॅम निंबोळी भरड कुटून फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पिळा, चिमूटभर साबणचुरा घाला, उन्हं उतरल्यावर फवारा. दर आठ दिवसांनी. वांग्याचा शेंडा माना टाकल्यासारखा दिसला तर आत अळी आहे. तो शेंडा दोन बोटं खालून कापून जाळा. फवाऱ्यापेक्षा हे काम जास्त उपयोगी, फक्त दर आठवड्याला नेमानं करायला हवं. दोडका-कारल्यात माशीनं डंख मारलेली, पिवळी पडून गळालेली फळं वेलाखाली ठेवू नका. उकळत्या पाण्यात टाका किंवा हातभर खोल पुरा. वांगी, टोमॅटो, मिरची ही एकाच कुळातली. त्यांच्या जागी पुढच्या वर्षी चवळी किंवा गवार घ्या. कडेनं झेंडू लावा : मुळांतल्या सूत्रकृमीला आळा बसतो, दसऱ्याला तोरणाची फुलंही घरची.

उन्हाळा

शिवरात्रीच्या आसपास भेंडी, गवार, चवळी, काकडी लावून घ्या. मार्चच्या मध्यानंतर नवीन काही पेरू नका. तीन वाफे मोकळे करा आणि उन्हात तापू द्या, त्यानं मातीतली कीड आणि तणाचं बी मरतं. उरलेल्या तीन वाफ्यांवर सोयाबीनची गुळी (मळणीचा भुसा) किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा. कोरड्या पाचटाखाली उधळी येते, म्हणून पहिल्यांदा ते भिजवून टाका आणि बुडापासून वीतभर लांब ठेवा. वर तुराट्यांचा विरळ मांडव, नाहीतर पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी.

वेलांसाठी मडकं. पाझर मंदावलेला, पाणी गार करत नाही म्हणून बाजूला पडलेला माठ घराघरात असतो. रंग न लावलेला, आठ-दहा लिटरचा माठ घासून घ्या, वेलाच्या बुडापासून वीतभरावर गळ्यापर्यंत पुरा, स्वच्छ पाणी भरा आणि झाकण ठेवा. न्हाणीचं पाणी यात नको, छिद्रं बुजतात. माती कोरडी होईल तसं माठ झिरपतो आणि मुळं माठाला मिठी मारून बसतात. आमच्याकडं दर तीन दिवसांनी भरतो. मागच्या मेमध्ये पुरलेला माठ उकरला तर दुधीच्या पांढऱ्या मुळांची जाळी त्याच्याभोवती पोत्यासारखी विणलेली होती.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात आमच्या परसात एकही वाफा हिरवा नव्हता, पण शेवगा, हादगा आणि कढीलिंब जगले, आणि महिनाभर शेवग्याचा पाला आणि हादग्याची फुलं एवढ्यावरच भाकरीसोबतचं कोरड्यास झालं. म्हणून जागा कितीही कमी असली तरी ही तीन झाडं आधी लावा, वाफे नंतर करा.

लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर बायकांनी घरच्या रानातला अर्धा-एक एकर स्वतःकडं मागून घेतला आणि तिथं भाजी, डाळी, धान्य लावलं. या संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. परसातलं जमलं की पुढच्या खरिपाला घरात तेवढंच मागा : सोयाबीनच्या कडेच्या चार ओळी, जिथं तणनाशक मारायचं नाही. अंबाडी, चवळी, वाळूक त्यात टाका. मोघा आता नाही, हातानं टोकलं तरी चालतं.

बी

संकरित बियाण्याचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी झाडं सारखी निघत नाहीत. म्हणून निदान वांगी, भेंडी, वाल, चवळी, अंबाडी, मेथी, धणे यांचं सरळ वाण ठेवा.

बी धरायचं ते पहिल्या बहरातलं, निरोगी झाडावरचं. शेवटचं उरलेलं, किडकं फळ बियाला ठेवायची चूक बहुतेकजण करतात. वांगं झाडावरच पिवळं होऊ द्या, मग कापून पाण्यात चोळा. तरंगेल ते टाका, तळाला बसेल ते घ्या. भेंडी आणि वाल झाडावर खडखडीत वाळू द्या. मेथी-कोथमिरीची एकदोन नव्हे, दहा-पंधरा झाडं बियाला सोडा. दोडका किंवा दुधीचे दोन वेगवेगळे वाण शेजारी असतील तर त्यांची सरमिसळ होते, तेव्हा एकच वाण लावा. सगळं बी सावलीत वाळवून, चाळलेल्या कोरड्या राखेत घोळून गाडग्यात भरा, तोंडाला फडकं बांधा. वर कागदावर नाव आणि साल लिहा. कांद्याचं बी वर्षभरात मरतं, भोपळ्या-दुधीचं तीन-चार वर्षं चालतं.

बियाला ठेवलेल्या फळाच्या देठाला लाल चिंधी बांधा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. आमच्या धाकट्या लेकरानं एकदा चिंधीसकट वांगं तोडून आणलं होतं, तेव्हापासून आत्याबाई चिंधी त्याच्याच हातानं बांधून घेतात.